उभा राहणारा पाय

“जोर लावा ना, ताई,” संजना म्हणाली, आणि जागृतीची तर समजूत होती की आपण मघापासून जोरच लावतोय. ती उंच, निळ्या रेक्झिनच्या बाकावर पालथी पडली होती. डावा गुडघा काटकोनात दुमडलेला, तळपाय छताकडे, आणि संजनाचा तळहात घोट्याला बाहेरच्या अंगाने टेकलेला. त्या हाताच्या विरुद्ध पाऊल बाहेर ढकलायचं होतं. एवढंच. जागृतीने दात आवळले होते, बाकाची कड घट्ट धरली होती, श्वास कोंडला होता. जोर लावताना माणूस जे जे करतो ते सगळं तिने केलं होतं. “लावा, घाबरू नका, मला काही होत नाही,” संजना पुन्हा म्हणाली. “लावलाय,” जागृती म्हणाली. यावर तो हात क्षणभर तसाच राहिला. मग संजना “ओके ओके, रिलॅक्स,” म्हणाली, पाढे चुकलेल्या मुलाला बाई म्हणतात तशी. कोपऱ्यातल्या खुर्चीवर जागृतीचे बाबा, नरहरी, बसले होते. हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठी होता. ते म्हणाले, “तिचा पाय झोपला असेल.” तिघंही हसले. जागृती जरा जास्तच हसली. कुर्ता नीट करत बाकावरून उतरताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला धक्का बसलाय, पण तोही शेजारच्या फ्लॅटमध्ये काहीतरी पडावं तसा, भिंतीपलीकडून आलेला.

खरं म्हणजे तिने त्या बाकावर झोपायचं काही कारण नव्हतं. तपासायला आणलं होतं बाबांना. पण बाबांचा संजनाच्या बोलण्यावर विश्वास बसेना, म्हणून “नॉर्मल माणसाचं कसं असतं ते दाखवते, काका,” असं म्हणून तिने नॉर्मल माणूस म्हणून जागृतीला निवडलं होतं. संजना फुलपाड्याची, पंचविशीतली, केस वर बांधलेली. बोळिंजमधल्या एका कॉम्प्लेक्सच्या तळमजल्यावर तिचं फिजिओथेरपीचं क्लिनिक, एका बाजूला केकवाला आणि दुसऱ्या बाजूला इस्टेट एजंट. तिने आधी बाबांना पालथं झोपवलं, उजवा गुडघा दुमडला आणि पाऊल सावकाश एकदा बाहेर, एकदा आत नेलं. पाऊल बाहेर गेलं की खुबा आत वळतो आणि पाऊल आत आलं की खुबा बाहेर वळतो, असं तिने समजावलं तेव्हा बाबा बाकात तोंड खुपसूनच म्हणाले, “उलटंच हाय सगळं.” ते पाऊल आतल्या बाजूला जे निघालं ते जातच राहिलं. संजनाने कोनमापकासारखी पट्टी लावून बघितली, काढली, परत लावली. “काका, तुम्ही डान्सर होता का?” मग तिने जोर बघितला. उजव्या पायात जोर होता, सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या मानाने भरपूर होता. मग डावा. डावाही छान वळत होता, उजव्याएवढा नाही, पण छान. फक्त तिने हात टेकवून “ढकला” म्हटलं की तो आपला गप्प. “होतं असं,” ती म्हणाली. “सांधा फिरतो म्हणजे ताकद आहे असं नसतं. फिरणं वेगळं आणि धरून ठेवणं वेगळं. उलट कधी कधी जास्त फिरणाऱ्या सांध्याला धरायला जास्त ताकद लागते. तुमचा डावा खुबा फिरतो मस्त, पण धरत नाही.” मग तिने त्यांना आरशासमोर एका पायावर उभं केलं. उजव्यावर ते उभे राहिले, जरा ऐटीतच. डाव्यावर उभं राहताना मात्र कमरेची उजवी बाजू खचल्यासारखी खाली गेली, सगळं अंग डावीकडे कललं आणि त्यांनी भिंतीवरचा दांडा पकडला. आरशातल्या त्या कललेल्या माणसाकडे ते बराच वेळ बघत राहिले.

“म्हणजे उजवा चांगला?”

“फर्स्ट क्लास.”

“आणि बिघडलाय तो डावा?”

“हो ना.”

“अगो पण डावा काय करतच नाय,” बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चक्क राग होता. “सगळं काम उजव्याचं. पाणी उजव्याने वळवतो मी.”

“बरं. उजवा पाणी वळवतो तेव्हा डावा काय करतो?”

“काय करणार? उभा असतो.”

“एकटाच ना? सगळं वजन घेऊन? आणि कंबर त्याच्यावर अशी अशी फिरते.” तिने स्वतः एका पायावर उभं राहून दाखवलं. “तेच काम आहे, काका. तो थकलाय म्हणून तुमचा उजवा जमिनीला अडकतो. आणि तुम्हाला वाटतं उजवा बिघडला.”

जागृतीच्या डोक्यात गेले कितीतरी दिवस फिरले, ज्यांत रोज आंघोळीआधी तिने बाबांच्या उजव्या पायाला कोमट खोबरेल चोळलं होतं, उजव्या पायाला गरम पाण्याची पिशवी दिली होती, उजव्या पायाचे व्यायाम मोबाइलवर शोधून करून घेतले होते. डाव्या पायाला हात लावायचं दोघांच्याही मनात आलं नव्हतं. कुठल्याही डॉक्टरने ही चूक केली नसती. पण बाबांच्या गावी, उमराळ्याच्या वाडीतल्या कुठल्याही घरात ती झालीच असती.

कारण वाडीत पाणी पायाने वळवतात. निदान बाबांच्या वयाचे तरी. मोटर चालू झाली की विहिरीचं पाणी पाटात येतं आणि पाटातून एकेका वाफ्यात. एक वाफा भरला की त्याचं तोंड बंद करायचं आणि पुढच्याचं उघडायचं. फावडं घेऊन वाकून करणारे असतात, पण बाबा वाकत नसत. उजव्या पावलाच्या आतल्या कडेने ओली माती अशी ओढायची की तोंड बंद, बाहेरच्या कडेने अशी सारायची की पुढचं उघडं. दोन्ही हात मोकळे, केळीचं सुकलेलं पान ओढायला किंवा नुसते कमरेवर ठेवायला. लहान असताना जागृती पाटाच्या कडेला उकिडवी बसून हे बघायची. पाय मातीत वळायचा आणि पाणी, ज्याला कुणी काही सांगितलेलं नाही, ते निमूटपणे वळायचं. घरात त्या पायाला पाण्याचा पायच म्हणत. त्याला काटा लागला तर घरभर धावपळ. संध्याकाळी आई, सुभद्रा, पायरीवर बसून त्याच पायाला तेल लावायची आणि बाबा डावा पाय बाजूला दुमडून घ्यायचे, मध्ये नको म्हणून. आईचं काम विहिरीपाशी असायचं. मोटर गरम झाली का बघायचं, पाटाला कुठे घूस लागलीय का बघायचं, बाबांनी लांबून हाक दिली की बटण बंद करायचं. तासन्‌तास ती तिथे नुसती उभी असायची. त्या काळात कुणी जागृतीला विचारलं असतं की तुझी आई काय करते, तर तिनेही सांगितलं असतं, काही नाही, घरीच असते. हा विचार आता, केकवाल्याच्या दुकानासमोर रिक्षाची वाट बघताना, तिच्या मनात सहज येऊन गेला. आई गेल्याला दुसरं वर्ष सरत आलं होतं. विचार आला तसा गेला आणि रिक्षा आली.

बाबा पडले ते जानेवारी सरता सरता. पाणी वळवतानाच. उजवा पाय उचलला आणि कसं काय ते कळलं नाही, ते डाव्या कुशीवर पाटात आडवे. मोटर चालूच होती. आई असती तर विहिरीपाशी हाक ऐकून तिने बटण बंद केलं असतं. पाणी कानावरून, गालावरून जात राहिलं, आणि ते उठायला बघत राहिले, शेजारच्या वाडीतल्या गॉडफ्रेला पाणी आपल्या कुंपणाखालून का येतंय याचा संशय येईपर्यंत. गॉडफ्रे लहानपणी जागृतीबरोबर त्याच पाटात कागदाच्या होड्या सोडायचा. आता दोन मुलांचा बाप, चर्चच्या गायकवृंदात गातो, सकाळी मोगरा दादरला पाठवतो. त्यानेच फोन केला. “जागू, घाबरू नको, हाडं शाबूत हायेत,” हे त्याचं पहिलं वाक्य. जागृती घाबरली नव्हती. हे तिला फोन ठेवल्यावर जाणवलं, की आपण “हो”, “बरं”, “निघते” असं सगळं बरोबर बोललो, लिफ्टचं बटण दाबलं, आणि घाबरायचं राहूनच गेलं.

हाडं शाबूत होती हे खरंच निघालं. डॉक्टर म्हणाले, मुका मार आहे, विश्रांती घ्या, मग व्यायाम. बाबा तिच्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, एक पिशवी, एक छत्री आणि गॉडफ्रेने दिलेला वेलची केळ्यांचा घड घेऊन. पहिल्याच सकाळी त्यांनी खिडकीतून खाली बघितलं आणि सांगून टाकलं, “पाणी वळवता आलं की जाईन.” दिवस, वार असलं काही नाही. अट एकच. आणि ती अट नुसती त्यांच्या पायापुरती नव्हती हे दोघांनाही ठाऊक होतं. गॉडफ्रे सध्या आपली वाडी सांभाळून त्यांचे वाफे भिजवत होता, पण त्याने फोनवर स्पष्टच म्हटलं होतं, “एप्रिल लागला की मना दोन वाड्या नाय झेपायच्या.” त्याच्याकडे ठिबक होतं, काळ्या नळ्या, थेंब थेंब. बाबांना ते पसंत नव्हतं. वाडी एक उन्हाळा सुकली की परत वाडी होत नाही, प्लॉट होतो, असं ते म्हणायचे, आणि यात अतिशयोक्ती नव्हती. त्यांच्या पलीकडच्या वाडीत आता लग्नाचं लॉन होतं, तिथे हिरवा गालिचा अंथरलेला असतो. वाडी गेली असती तर बाबांनी बाराव्या मजल्यावर काय केलं असतं हे जागृतीला दिसत होतं. ते तिथे बसले असते. बसून बसून एक दिवस संपले असते. हे तिला अगदी स्वच्छ कळत होतं. कळण्याच्या पुढे काही होत नव्हतं.

तिचं सगळंच आताशा कळण्यापाशी थांबत होतं. ती एका विमा कंपनीसाठी घरून काम करायची, उपचारांच्या खर्चाचे दावे तपासायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुर्चीत बसून ती लोकांची दुखणी वाचायची. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, किती दुखतं. आकडे जुळले की पुढे सरकवायचं, नाही जुळले की परत पाठवायचं. नवरा पुण्याला नोकरीसाठी गेला तो तिकडचाच झाला, आणि तेही कसलंही भांडण न होता. भांडण झालं असतं तर सांगायला तरी काही उरलं असतं. आई गेली तेव्हा वाडीतल्या बायका तिच्याभोवती बसल्या होत्या. कुणीतरी पाठीवरून हात फिरवत म्हणत होतं, “रड गो बाय, मोकळी हो.” जागृतीने प्रयत्न केला होता. तोंडावर पदर घेतला, खांदे हलवले, श्वास आत ओढला, रडताना माणूस जे जे करतो ते ते केलं. बायकांचं समाधान झालं नाही. “अजून धक्क्यात हाय,” त्या आपापसात म्हणाल्या, आणि जागृतीलाही ते पटलं, धक्का ओसरला की येईल. मग बारावं झालं, वर्ष झालं. ती वाट बघत राहिली आणि मग वाट बघायचंही विसरली. संजनाच्या बाकावर “लावलाय” असं ती म्हणाली ना, तेव्हा हा जोर आणि ते रडू, दोन्ही एकाच जागेतून यायचं राहिलं असावं. तिचा खुबा फिरतही नव्हता आणि धरतही नव्हता. संजना म्हणाली होती, “ताई, तुम्ही पण या व्यायामाला, फॅमिली पॅकेज करू.” संजना विनोद करत होती. की नव्हती?

व्यायाम सोपा होता. बाबांनी पलंगाच्या कडेला बसायचं, गुडघे दुमडून पाय खाली सोडायचे. जागृतीने समोर प्लास्टिकच्या स्टुलावर बसून डाव्या घोट्याच्या बाहेर तळहात टेकवायचा. त्यांनी पाऊल बाहेर ढकलायचं, तिने हात घट्ट धरायचा. संजनाने बजावलं होतं, “हात भिंतीसारखा ठेवा, ताई. पाऊल बाहेर ढकलणारे आणि एका पायावर उभं असताना कंबर धरणारे मसल्स तेच असतात. ते भिंतीवर जोर लावूनच वाढतात.” पहिल्या दिवशी दुपारी, तिच्या जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी सुरुवात केली. बाबांनी जोर लावला. त्यांच्या मानेची शीर फुगली, ओठ आत गेले, डोळे समोरच्या कपाटावर रोखले गेले. जागृतीच्या तळहाताला काहीच लागलं नाही. त्वचा लागली, कोरडी, जरा थंड. त्यांचा चेहरा इतका कामाला लागलेला आणि खाली हे इतकं काहीच नाही, हे बघवेना म्हणावं तर तसंही नव्हतं, बघवत होतं. तिने फक्त हात थोडा मागे घेतला. बोटभर. पाऊल हाताच्या मागे मागे आलं. “हलला,” बाबा म्हणाले. “हलला की,” ती म्हणाली. बाबांचा चेहरा असा काही उजळला की तिने पुढच्या खेपेला हात आणखी थोडा मागे घेतला.

मग ते रोजचंच झालं. दुपारी वरणभाताचा वास अजून खोलीत असायचा, पंखा वरती टकटक करायचा, आणि बाबांचा डावा पाय जागृतीचा हात ढकलत ढकलत बाहेर जायचा. “कालच्यापेक्षा जास्त?” “जास्तच.” ती हे इतक्या सहज म्हणायची की तिचं तिला नवल वाटे. खोटं बोलताना निदान छातीत काही तरी व्हायला हवं. मोबाइलवर गॉडफ्रेला बाबा मोठ्याने सांगायचे, “डावा सुधारला रे!” आणि पलीकडून गॉडफ्रे, “क्या बात हाय, नरहरीभाऊ!” केळीला घड लागतायत, मोगऱ्याची छाटणी झाली, भेंडीवर मावा पडलाय, असल्या गप्पा चालायच्या. संजनाकडे पुन्हा जायची वेळ आली तेव्हा बाबा म्हणाले, “आता कशाला? तू बघतेस ना.” जागृतीनेही आग्रह केला नाही. संजनाचा हात हललाच नसता.

पण आपण हात मागे का घेतो? हा प्रश्न तिला दावे तपासताना, कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या गुडघ्याची हकीकत वाचताना पडायचा. बाबांना बरं वाटावं म्हणून, हे उत्तर तयार होतं आणि ते चांगलं होतं. पण त्याच्या खाली दुसरं काही आहे का, हे ती चाचपून बघायची. बाबा सकाळी लवकर उठून खोकायचे, बाथरूमचा नळ पूर्ण बंद करायचे नाहीत, ती फोनवर बोलत असली की मध्येच दार उघडून “कोण हाय?” विचारायचे. ते आल्यापासून घरात कुणीतरी होतं. कुणीतरी असणं म्हणजे कुणीतरी आपल्याकडे बघणं, आणि आपल्याकडे बघण्यासारखं काही नाही हे बाबांना कधीतरी कळेल. मग आपल्याला ते लवकर जायला हवेत का? बरे होऊन, न होऊन, कसेही? तिने हा प्रश्न स्वतःला दोन-तीन वेळा अगदी सरळ विचारला. आत कुणी ओ दिली नाही. तिला वाटलं, एखाद्या माणसाला आपण वाईट आहोत हेसुद्धा जाणवत नसेल तर त्याने काय करावं? आणि तिने पुढचा दावा उघडला.

मार्च सरत आला. गॉडफ्रेचा फोन आला की आता विहिरीचं पाणी खाली जातंय, लांबवायला नको. बाबांनी शनिवार ठरवला. पिशवी भरली, छत्री दाराशी ठेवली, शेजारच्या मराठे वहिनींना सांगून आले, “चाललो, पाय झाला बरा.” शुक्रवारी दुपारी जेवण झालं तशी जागृती स्टूल घेऊन समोर बसली. आज केलं नाही तरी चाललं असतं. पण सवय म्हणून तिने हात पुढे केला आणि त्या घोट्याला टेकवला.

बाबांनी काही केलं नाही.

“लावा ना जोर,” ती म्हणाली.

“नाय लावत.”

“का? दुखतंय?”

“मी लावायच्या आधीच तुझा हात जातो मागं.”

पंखा टकटक करत होता. हात तिने तसाच ठेवला होता, काढून घ्यावा की नाही हे न कळून. “कधी कळलं तुम्हाला?” असं तिने शेवटी विचारलं.

“पयल्याच दिवशी. जन्मभर मातीवर जोर लावलाय मी. माती आपणहून हटते कशी आणि हटवलेली कशी, ते मना कळत नाय?”

“मग बोलला का नाहीत?”

बाबांनी खिडकीकडे बघितलं. खाली कुठेतरी शाळेच्या बसचा हॉर्न वाजत होता. “मना वाटलं,” ते सावकाश म्हणाले, “तुना घाई असेल. मना धाडायची. तू तुझी एकटी राहणारी, आणि घरात म्हातारा खोकतोय. मी म्हटलं, ती हलला म्हणते तर हलला. जाऊ आपलं. पडलो तर पडलो.”

ते रागावून बोलले नव्हते. भेंडीवर मावा पडला म्हणून सांगावं तसे बोलले होते, आणि म्हणून जागृतीला पहिल्यांदा ते नीट ऐकू आलं. पडलो तर पडलो. मग तिला दिसलं. याआधी ते फक्त कळलं होतं. पाटात कुशीवर पडलेला म्हातारा माणूस, उठू बघणारा, मोटर चालू, विहिरीपाशी कुणी उभं नाही, आणि गाळाचं गार पाणी कानात शिरतंय. उद्या ते असंच झालं असतं. किंवा परवा. आणि ते पडले असते तिच्या शब्दावर, “जास्तच” या तिच्या शब्दावर, तो खोटा आहे हे पुरतं माहीत असून, तिला अडचण नको म्हणून. तिला भीती वाटली, अगदी साधी, लहान मुलीला वाटते तशी, की माझे बाबा मरतील. भीती इतकी अनोळखी झाली होती की काहीतरी बाधलं की काय असं तिला आधी वाटलं.

“मला घाई नव्हती,” ती म्हणाली. ते खरं होतं की नाही हे तिला अजूनही नक्की माहीत नव्हतं. “आता नाही आहे,” ती म्हणाली. हे मात्र खरं होतं.

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग पलंगाच्या कडेला सरकून नीट बसले, दोन्ही हात मांड्यांच्या बाजूला रोवले. “मग धर आता. खरा धर.”

तिने धरला. दुसरा हात मागून आधाराला दिला, कोपर स्वतःच्या गुडघ्यावर टेकवलं. बाबांनी जोर लावला. मानेची शीर फुगली, ओठ आत गेले, कपाळावर घाम आला. पाऊल हललं नाही. तिचा हात हलला नाही. दोघंही तसेच थांबले, आणि त्या थांबण्यात तिला त्या कोरड्या, थंड त्वचेखाली काहीतरी बारीकसं थरथरल्यासारखं वाटलं, पण तो तिचाच हात थरथरत असेल, कारण आता तिचे खांदेही हलत होते, आणि या वेळी ती ते हलवत नव्हती.

“किती?” बाबांनी दम खात विचारलं.

“काहीच नाही, बाबा,” ती म्हणाली, आणि ‘बाबा’ हा शब्द मध्येच फाटला.

बाबांनी मान हलवली. विहिरीत पाणी किती आहे हे कुणी डोकावून खरंखरं सांगितल्यावर हलवावी तशी. “बरं,” ते म्हणाले. “उद्या नाय जात. त्या पोरीला फोन लाव, म्हणावं सोमवारी येतो. आणि गॉडफ्रेला विचार, त्याचं ते ठिबक बसवायला माणूस कुठला आणला होता. या उन्हाळ्यापुरतं.”

जागृतीचं नाक वाहत होतं, डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून तिच्याच मनगटावर पडत होतं, आणि पुसायला हात काढावा म्हणून ती हलली.

“रड पायजे तर,” बाबा म्हणाले, “पण हात काढू नको.”